वारा कुठून आहे?

तात्या, म्हणजे माझे आजोबा, रानात शिकारीसाठी दबा धरून बसायला जाणार हे आजीला दोन दिवस आधी कळायचं, ते त्यांच्या चिडचिडीवरून. बिडी बंद व्हायची. एरवी उठल्यापासून निजेपर्यंत कानावर बिडी खोचलेला माणूस. त्या दोन दिवसांत ओटीवर नुसत्या येरझाऱ्या घालायचा, कुत्र्यावर खेकसायचा, चहात साखर कमी म्हणून कपबशी सरकवून द्यायचा. डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही. विहिरीवर दोन कळशा अंगावर ओतून घ्यायच्या आणि चुलीतली चाळलेली राख चोळायची. रात्री अंथरूण गोठ्यात. आजी म्हणायची, "रानातल्या जनावराची एवढी मर्जी राखतात, घरातल्या माणसाची राखली असती तर..." हे वाक्य ती कधी पुरं करत नसे. गरजही नव्हती.

रानात न्यायचा सदरा आणि घोंगडी यांना घरात जागा नव्हती. गोठ्यात बैलांच्या डोक्यावरच्या वाशाला ती वर्षभर टांगलेली असत. शेणाचा, पेंढ्याचा, गोमूत्राचा वास त्यांत मुरलेला. गुरं रानात चरायला जातातच, तेव्हा सांबराला गोठ्याचा वास काही नवा नाही. तो नाकात गेला तर जनावर थबकतं, पण उधळत नाही, असा तात्यांचा हिशोब. मला आज यातलं निम्मंच पटतं. गोठ्याच्या वासाखाली माणसाचा वास दडत नसावा. दोन्ही बरोबरीने पोचत असणार. आमटी चुलीवर असताना आजी माजघरातून सांगायची की हिंग आज फोडणीत नाही, वरून पडलाय. आणि सांबराचं नाक आजीच्या पुष्कळ पुढचं.

हे सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. माझा जन्म १९६८ चा आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानंतरही परवान्याची थोडी फट उरली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. पण आमच्या घरातली ठासणीची बंदूक त्याच्या कितीतरी आधी गेली होती. मी पाहिल्या त्या तिच्या दोन खुंट्या. पावसाळ्यात त्यांवर छत्र्या लटकायच्या, खाली ओटीवर पाण्याचं तळं व्हायचं. कायदा झाला ते बरंच झालं असं मला वाटतं, आणि त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. तात्या त्याबद्दल काय म्हणायचे? काहीच नाही. मात्र संध्याकाळी ओटीवर बसले की वाऱ्याकडे तोंड करून नाक थोडं वर उचलायची त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

आमचं गाव मुरूड तालुक्यातलं. समोर समुद्र, मग पुळण, मग सुरू आणि नारळ-सुपारीच्या वाड्या, मग भातखाचरं, आणि त्यांच्या पाठीला लागून डोंगर. या डोंगरात पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि पुढे १९८६ मध्ये त्याच रानाचं फणसाड अभयारण्य झालं; सुमारे ५४ चौरस किलोमीटर. ऐन, किंजळ, अंजनी, सावर, आणि झाडाझाडांवरून अजगरासारखी फिरलेली गारंबीची वेल. रान तसं लहान, पण त्यात सांबर आहे, भेकर आहे, आणि सशाएवढी पिसोरीही आहे. पिसोरीला लोक हरीण म्हणतात, शास्त्र तिला वेगळ्या कुळात बसवतं. शिंगं नाहीत, त्याऐवजी नराला सुळे. अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. मी ती आयुष्यात एकदाच पाहिली, तीही पाठमोरी.

तात्यांनी मला वाऱ्याचा पहिला धडा दिला तो पुळणीवर. मी सात-आठ वर्षांची असेन. पुळणीकडे जाणाऱ्या वाटेला रुईची झुडपं होती. उन्हाळ्यात तिची बोंडं तडकतात आणि आतून रेशमी केसांचा झुपका घेऊन बी बाहेर पडतं. आम्ही पोरं त्याला म्हातारी म्हणायचो आणि फुंकर मारून पळवायचो. तात्यांनी माझ्या हातातून म्हातारी काढून घेतली.

"फुंकर मारू नको. तिला जायचं तिथे जाऊ दे. आपण नुसतं बघायचं."

त्यांनी ती चिमटीतून सोडली. ती समोरच्या गडग्याकडे गेली, गडगा चढली, पलीकडे उतरली आणि मला वाटलं संपलं. पण ती गडग्याच्या पलीकडच्या अंगाला एक गिरकी घेऊन पुन्हा गडग्यालाच येऊन चिकटली.

"बघितलंस? वारा सरळ जातो असं कोणी सांगितलं? तो पऱ्ह्याच्या पाण्यासारखा. दगड आला की वळतो, दगडाच्या मागे भोवरा करतो. तू जिथे बसलीस तिथून तुझा वास असाच निघतो. तो कुठे कुठे अडकतो, कुठे वळतो, हे ज्याला दिसलं त्याने रानात बसावं. बाकीच्यांनी घरी बसावं."

शाळेच्या भूगोलात पुढे खारे वारे आणि मतलई वारे यांच्यावर दोन मार्कांचा प्रश्न यायचा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा जमिनीवरून समुद्राकडे, हा मतलई. शिडाच्या होड्या होत्या तोवर कोळी पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्यावर घरी येत. दोन मार्क मी दरवेळी पुरे मिळवले. हा धडा रानात काय करतो ते मात्र पुस्तकात नव्हतं.

पाणवठा डोंगराच्या पायथ्याशी आहे असं धरा. सांबर दिवसभर वर, गर्द रानात बसलेलं. दिवेलागणीला ते खाली उतरणार. त्या वेळी खारा वारा चालू असतो, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला, समुद्राकडून डोंगरावर. तुम्ही पाण्याच्या पश्चिमेला बसलात तर तुमचा वास पाण्यावरून थेट डोंगर चढतो. सांबर उठून आळस देत असतानाच त्याला कळतं की आज खाली कोणी आहे. पूर्वेला, डोंगराच्या अंगाला बसलात तर वास पाण्यावर जात नाही, पण जनावर तुमच्या पाठीमागून उतरणार, तुमच्या पावलांवरून जाणार. आणि हे साधलं तरी रात्री सगळं फिरतं. खारा पडतो, मतलई उठते, आणि तासाभरापूर्वीची नामी जागा आता पाण्यावर तुमचा वास ओतू लागते.

यांच्यामधली वेळ सगळ्यांत वाईट. पान हलत नाही. नवख्याला वाटतं वारा नाही, म्हणजे वास जाणारच नाही. तो खरंच लांब जात नाही. तो तुमच्याभोवती साठतो आणि गार झालेल्या हवेबरोबर उताराने, घळीघळीने खाली सरकतो, आणि पाणी जिथे साठतं तिथेच जाऊन साठतो. शिवाय आमची हवा दमट. कोरड्या हवेपेक्षा ओल्या हवेत वास जास्त वेळ टिकतो, हे वाळत घातलेल्या बोंबलांच्या गावातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तात्यांचा तोडगा साधा होता. वाऱ्याला आडवं बसायचं. पाण्याच्या उत्तरेला नाहीतर दक्षिणेला. मग खारा असो की मतलई, तुमचा वास पाण्याच्या बाजूने एका पट्टीत निघून जातो. त्या पट्टीत जनावराची वाट येणार नाही एवढं आधी बघून ठेवायचं. बैठकीकडे जाताना जनावराच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही, झुडपांना हात लावायचा नाही, शक्यतो ओढ्याच्या पाण्यातून चालत जायचं. आणि वैशाखापेक्षा मार्गशीर्ष-पौष बरा. थंडीत मतलई घड्याळासारखी येते. वैशाखात ती लहरी, कधी येते, कधी नुसती आल्यासारखं करते.

इथे आजीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तात्या स्वतः फार बार टाकत नसत. त्यांचं खरं काम मुंबईहून येणाऱ्या परवानेवाल्या साहेबांना बसवण्याचं. जागा हेरायची, मचाण बांधायचं, साहेबाला वर चढवायचं आणि गप्प राहायचं. एका साहेबाने एका खेपेला पैसे दिले नाहीत. पुढच्या खेपेला देतो म्हणाला. पुढच्या थंडीत तो पुन्हा आला. तात्यांनी त्याचं कधी नव्हे एवढं आगतस्वागत केलं. मचाणावर गादी घातली, उशाला लोड दिला, आणि दिवेलागणीला त्याला पाण्याच्या बरोब्बर पश्चिमेला बसवला. साहेबाच्या केसांना सुवासिक तेल, अंगाला पावडर, खिशात सिगारेटी. खारा वारा मस्त चालला होता. नऊ वाजेपर्यंत काही आलं नाही. तेव्हा तात्या हळूच वर चढले आणि म्हणाले, "साहेब, इथे आज काही खरं नाही. पलीकडे दुसरं मचाण बांधून ठेवलंय." आणि मतलई उठायच्या सुमाराला त्याला पूर्वेला नेऊन बसवला. रात्रभर डोंगरातून भेकरं भुंकत राहिली. साहेबाला त्यातही मजा वाटली. सकाळी तो आजीला म्हणाला, "तुमच्या यजमानांनी माझ्यासाठी किती धावपळ केली!" आणि दोन्ही खेपांचे पैसे देऊन गेला.

आजी ही गोष्ट सांगताना साहेबाचा आवाज काढायची. तात्या समोर असले तर उठून परसात जायचे.

माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. तिकडे शिकार कायदेशीर आहे, आणि दर वर्षी १५ नोव्हेंबरला पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा बंदुकीचा हंगाम उघडतो. तो स्वतः शिकार करत नाही, पण त्याच्या शेजाऱ्याने एकदा त्याला आपलं गॅरेज दाखवलं, आणि भाच्याने व्हिडिओ कॉलवर ते मला दाखवलं. मी थक्क झाले. बिनवासाचा साबण, बिनवासाचा शाम्पू, कपडे धुवायची बिनवासाची पावडर. कपडे हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत, सोबत रानातली पानं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कारण चामडं आणि कापड वास धरतं आणि वाटेवर सोडतं. घडीचा तंबू, तो हंगामाच्या कितीतरी आधी रानात उभा करून ठेवायचा म्हणजे हरणांना त्याची सवय होते. आतून काळाकुट्ट, आणि गरजेपुरत्याच खिडक्या उघडायच्या, म्हणजे आतली हवा आरपार वाहत नाही. ओझोन सोडणारं एक यंत्र. बाटलीत हरणीचं मूत्र. मला तात्यांची घोंगडी आठवली, आणि तो गोठा.

त्या गॅरेजात एक कोट होता, त्याच्या अस्तरात सक्रिय कोळसा. या कोळशाच्या कणाकणाला एवढी छिद्रं असतात की त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग मोजला तर हजारेक चौरस मीटर भरतो. वासाचे रेणू त्या छिद्रांत चिकटून बसतात. आणि हा कोळसा बनवायचा एक उत्तम कच्चा माल म्हणजे नारळाची करवंटी. आमच्या परसात जिचा ढीग पडून असायचा आणि बंबात जळायची, ती करवंटी तिकडे कोटाच्या अस्तरात बसून हरणाला फसवते, हे ऐकून आजी काय म्हणाली असती कोण जाणे. मात्र एक अडचण आहे. छिद्रं भरली की कोळसा थकतो. त्याला पुरता मोकळा करायला शेकडो अंश उष्णता लागते. घरातल्या कपडे वाळवायच्या यंत्राने ते होत नाही. म्हणजे माणसाने किती का झाकून घेतलं, थोडा वेळ गेला की तो पुन्हा आपल्यासारखा वास मारायला लागतोच.

मी भाच्याला म्हटलं, शेजाऱ्याला विचार, वारा कसा बघतो? तो दोन दिवसांनी म्हणाला, "मावशी, तो एक कापसासारखं काहीतरी सोडतो हवेत. मिल्कवीड नावाच्या झाडाचं." मी झाड शोधून काढलं. ते रुईच्याच कुळातलं निघालं. म्हणजे तिकडेही म्हातारीच.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतला घाम बाहेर येतो तेव्हा तो बिनवासाचा असतो. कातडीवरचे जिवाणू तो खातात आणि त्यातून जे उडून जाणारे पदार्थ उरतात तो आपला वास. म्हणजे मी ज्याला माझा वास म्हणते तो खरं तर माझ्या भाडेकरूंचा स्वयंपाक. आंघोळीने भाडेकरू थोडे कमी होतात, जात नाहीत. हरणाच्या बाजूने पाहिलं तर नाक ओलं, कारण ओल्या पृष्ठभागावर वास धरला जातो. म्हणून ते सारखी जीभ फिरवत असतं. आणि ते जगतंच वासात. भेकराच्या डोळ्यांपुढे ग्रंथींच्या दोन खोल फटी असतात, कपाळावर आणखी दोन. त्या जमिनीला, झुडपाला घासून ते आपली सही करत हिंडतं. माणसाला वासाची सुमारे ४०० प्रकारची ग्राहकं, म्हणजे नाकातली वास टिपणारी प्रथिनं, आहेत, आणि ती ओळखू येण्याचा रस्ता १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उघडला. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. ४०० म्हणजे कमी नाही. पण आपण ती वापरतो कुठे? दूध नासलंय का, एवढ्यापुरती.

२००१ मध्ये जपानी संशोधकांनी एक गोष्ट दाखवली. चाळिशी उलटली की माणसाच्या अंगाला एक नवा वास यायला लागतो. कातडीवरची चरबी हवेतल्या प्राणवायूने बदलते आणि तिच्यातून नॉनेनल नावाचा पदार्थ तयार होतो. तेलकट, थोडा गवतासारखा वास. हे वाचलं त्याच्या थोडं आधी माझी मुलगी माझी उशी उन्हात टाकताना म्हणाली होती, "आई, हिला आजीसारखा वास येतो." मी तेव्हा रागावले होते. मग आठवलं, तात्या गेल्यावर ती घोंगडी गोठ्यातून काढली तेव्हा मी तिच्यात तोंड खुपसलं होतं. शेण, पेंढा, धूर, सगळं होतं. आणि त्याच्या खाली तात्या होते. इतकी वर्षं गोठ्यात टांगूनही.

आता मे महिन्यातल्या त्या रात्रीबद्दल. वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यांवर बसून जनावरांची गणती करतात. चांदणं असतं आणि रानातलं बाकीचं पाणी आटलेलं असतं, म्हणून ही रात्र. मुरूडकडच्या रानात मला एक मचाण मिळालं. सोबतीला जवळच्या वाडीवरचे एक कातकरी दादा, पासष्टीचे तरी असतील. ते मला बाय म्हणत होते, मी त्यांना दादा.

मी तयारी करून गेले होते, आणि मनातून थोडी ऐटीतही होते. दोन दिवस साबण नाही, तेल नाही. कपडे ऐनाच्या पानांत गुंडाळून ठेवलेले. डब्यात कांदा-लसूण नसलेली भाजी आणि भाकरी. डासांचं मलम नाही. या मलमाने माझी फार चिडचिड झाली. माझा श्वास आणि घामातलं लॅक्टिक आम्ल यांच्या वासावर डास मला शोधत येतात, आणि त्याच माझ्या वासाने सांबर पळतं. मलम लावलं तर डास जातील आणि सांबरही. न लावलं तर नुसतं सांबर जाईल. रात्रभर मी डासांना न मारता नुसती हाकलत बसले, कारण मारायचं म्हणजे आवाज.

मचाण पाण्याच्या पूर्वेला होतं. झाड तिथे होतं म्हणून मचाण तिथे. झाड काही वाऱ्याला विचारून उगवत नाही. दादांनी चढायच्या आधी खालची मूठभर धूळ उचलून सोडली.

"वारा कुठून आहे, बाय?"

ते मला विचारत नव्हते, परीक्षा घेत होते. मी म्हटलं, खारा, पाण्यावरून आपल्याकडे. त्यांनी मान हलवली. "आता बरा हाय. नंतरचं नंतर."

वर बसल्यावर मी वही उघडली आणि दादा नाक फिरवून माझ्याकडे बघायला लागले. चैत्रात माझ्या मुलीने सुरंगीची चार फुलं त्या वहीत ठेवली होती. वाळून तपकिरी झालेली, पण सुरंगी ती सुरंगी. वही उघडताच मचाणभर वास झाला. मी घाबरून वही मिटली.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "फुलाचं काय नाय. फूल रानातलंच हाय. तुझं-माझं काय करायचं?"

सात वाजून दहा मिनिटांनी दक्षिणेच्या अंगाने एक भेकर आलं. आलं म्हणजे, तिथे नव्हतं आणि मग होतं. चार पावलं, थांबणं. मान वर. पुन्हा दोन पावलं. खारा वारा अजून चांगला चालू होता, आमच्या तोंडावर येत होता, इतका की पाण्याच्या काठच्या कुजक्या पानांचा वास मला वर येत होता. ते प्यायलं, डोकं वर करून जीभ नाकावर फिरवली, आणि निघून गेलं. मी सात दहा, भेकर, नर, एक, असं लिहिलं. हात थरथरत होता ते अक्षरात दिसतं.

मग वारा मंदावला. साडेआठच्या पुढे पूर्ण पडला. चांदण्यात पाणी काचेसारखं. एक रातवा पक्षी कुठेतरी लाकडावर टकटक केल्यासारखा बोलत होता. मी डबीतून एक म्हातारी काढली आणि मचाणाच्या कडेवरून सोडली. ती सरळ खाली गेली. मग जमिनीच्या हातभर वर जराशी थांबली, आणि अगदी सावकाश, चालत गेल्यासारखी, पाण्याच्या दिशेने सरकायला लागली. मी दादांकडे पाहिलं. त्यांनी ती आधीच पाहिली होती.

नऊला पाच-सात मिनिटं कमी असताना पलीकडच्या, पश्चिमेच्या काठावर सांबराची मादी उभी होती. मागे पाडस. ती ओढ्याच्या अंगाने लांबून फिरून आली असणार. केवढं मोठं जनावर, आणि पानाचाही आवाज नाही. तिचे दोन्ही कान आमच्याकडे, मग एक मागे. नाक थोडं वर. तात्यांसारखं. मी श्वास धरला, जसं काही त्याने फरक पडणार होता. पाडस तिच्या पोटाखालून पुढे यायला बघत होतं आणि ती त्याला पायाने अडवत होती.

ती किती वेळ उभी होती ते मी घड्याळात पाहिलं नाही. दुसरी म्हातारी सोडायचा मोह झाला, पण हात हलवायची छाती नव्हती. तेवढ्यात माझ्या मानेला मागून गार लागलं. अगदी हलकं, कुणी फुंकर मारल्यासारखं. डोंगरावरून. मतलई.

मला वाटतं मी मनात तीनपर्यंत मोजलं असेल. तिने पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला. मग 'ढाँक' असा तिचा आवाज सगळ्या घळीत घुमला, रातवा गप्प झाला, आणि काठावर कोणी नव्हतं. वर कुठेतरी सुक्या पानांवर तिच्या खुरांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही नाही.

दादांनी कमरेची चंची काढली. संध्याकाळपासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. "आता मळायला हरकत नाय," असं म्हणून ते तळहातावर तंबाखू मळायला लागले.

मी टॉर्चच्या लाल उजेडात वही उघडली. वेळ, प्राणी, नर की मादी, पिल्लू, आणि शेवटचा अरुंद रकाना शेऱ्याचा. मी लिहिलं: सांबर, मादी १, पाडस १, पाणी न पिता परत. शेऱ्यात लिहिलं, वारा बदलला.

"काय लिव्हलंस?"

मी वाचून दाखवलं.

"वाऱ्यावर कशाला ढकलतेस, बाय? वारा रोजच बदलतो. आपला वास आला असं लिव्ह."

मी आधीचं खोडलं. रकान्यात जागा थोडीच उरली होती. 'आपला वास' एवढंच मावलं.